करवंद: जाळीगणिक चव आणि कस वेगळा का, आणि कलमासाठी जाळी निवडायची कशी?

सडेकरीण · ६ मे, सकाळी ८:५०

सड्यावर (कातळाच्या पठारावर) दोन हातांच्या अंतरावर करवंदीच्या दोन जाळ्या असतात. एकीचं फळ टपोरं, पण चावलं की दाताखाली बियाच बिया. दुसरीचं बारीक, पण साल पातळ, गर लालभडक आणि गोड. तिसरीची फळं काळीभोर झाली तरी ओठांना चीक चिकटतोच. माती तीच, पाऊस तोच, ऊन तेच. मग हा फरक येतो कुठून?

बांधाच्या कडेनं चाळीसेक रोपं लावायची आहेत आणि ती याच जाळ्यांमधून निवडून लावायची आहेत. काही नुसती खायला, काही लोणच्याला, काही सरबताला. निवडताना नेमकं काय तपासायचं? नर्सरीतली 'कोकण बोल्ड' घेणं जास्त शहाणपणाचं आहे का? आणि करवंदात १०० ग्रॅमला ३९ मिलिग्रॅम लोह असतं असा मजकूर दर मे महिन्यात फिरत असतो, त्यात तथ्य किती?

कातळपान · ६ मे, सकाळी १०:१५

सडेकरीणताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर बीमध्ये आहे. रानातली करवंदी बियांतून येते. पाखरं, कोल्हे, माणसं फळ खातात आणि बी दुसरीकडे पडतं. फुलांवर कीटक फिरतात, एका जाळीचा पराग दुसरीवर जातो. त्यामुळे रानातली प्रत्येक जाळी हा स्वतंत्र वाण आहे असंच धरा. हापूसच्या बागेत सगळी झाडं एकाच झाडाची कलमं असतात, म्हणून फळ सारखं मिळतं. रानातल्या करवंदीच्या बाबतीत तसं कधी झालेलंच नाही.

पण जाळ्या-जाळ्यांतला सगळाच फरक रक्तातला नसतो. एकाच जाळीवरचीही दोन करवंदं सारखी नसतात आणि निवड बहुतेक तिथेच फसते. फरक पाडणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

पहिली पक्वता. करवंद एका वेळी पिकत नाही. एकाच घोसात हिरवं, तांबूस आणि काळं फळ एकत्र असतं. काळ्यातही दोन पायऱ्या आहेत: नुसतं काळं पडलेलं, आणि बोट लावताच देठ सोडणारं. पहिल्यात चीक असतो, दुसऱ्यात तो बराच कमी झालेला असतो. तुमची ती ओठांना चिकटणारी तिसरी जाळी कदाचित उशिरा पिकणारी असेल. आठ दिवसांनी पुन्हा चाखून बघा, मगच तिला बाद करा.

दुसरी गोष्ट पाऊस. वळवाची एक जोरदार सर पडली की फळ पाणी ओढतं. आकार वाढतो, गोडी पातळ होते, काही फळं तडकतात. एक जाळी पावसाआधी चाखली आणि दुसरी पावसानंतर, तर ती तुलना बाद समजा.

तिसरी गोष्ट बिया. ज्या फळात जास्त बिया भरतात ते सहसा मोठं होतं. म्हणून फळाचं नुसतं वजन बघून भुलू नका, गर किती ते बघा.

चौथी जागा. वरच्या उन्हातलं फळ आणि जाळीच्या पोटातलं सावलीतलं फळ यांच्या रंगातही फरक पडतो आणि गोडीतही.

म्हणून नमुना असा घ्या. जाळीच्या चारही बाजूंनी आणि थोडी आतून मिळून ५० फळं, सगळी बोट लावताच सुटणारी. सगळ्या जाळ्यांचे नमुने एक-दोन दिवसांत, सकाळी, पाऊस पडायच्या आधी. पन्नासांचं एकत्र वजन करा. मग फळं चिरून बिया काढा, त्या धुऊन फडक्यावर टिपा आणि तोला. समजा ५० फळं १५० ग्रॅम भरली आणि बिया १८ ग्रॅम, तर एक फळ सरासरी ३ ग्रॅमचं आणि खाण्याजोगा भाग ८८ टक्के. एवढ्यावरच निम्म्या जाळ्या गळतील.

पाणंद · ६ मे, दुपारी १:०५

लहानपणी सगळेच करवंद फोडून 'कोंबडा की कोंबडी' खेळतात. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हा फरक जाळीचा असतो की पिकण्याचा?

कातळपान · ६ मे, दुपारी १:४०

दोन्हींचा. काही जाळ्यांचा रंग सालीपुरताच राहतो, गर शेवटपर्यंत फिका. काहींचा गर पिकता पिकता बीपर्यंत रंगतो. पण लाल गराच्या जाळीवरही अर्धवट पिकलेलं फळ फोडलं तर कोंबडीच निघणार. म्हणून हा खेळ चाचणी म्हणून खेळायचा तर देठ सोडणारी २० फळं आडवी चिरा आणि किती लाल निघाली ते मोजा. वीसपैकी अठरा-एकोणीस लाल असतील तर तो जाळीचा गुण समजा. सरबतासाठी अशीच जाळी हवी, सरबताला रंग मुळात इथूनच येतो.

आम्लमापक · ६ मे, रात्री ९:२०

गोडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. 'गोड' आणि 'आंबट' हे जिभेचे शब्द एका दिवशी पाच जाळ्या चाखल्या की बिनकामाचे होतात. तिसऱ्या फळानंतर जीभ आंबून जाते. दोन आकडे काढा: ब्रिक्स (रसात विरघळलेल्या पदार्थांचं टक्क्यांतलं माप) आणि आम्लता.

ब्रिक्ससाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर पुरतो, म्हणजे रसाच्या थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून आकडा दाखवणारं यंत्र. फळं फडक्यात पिळा आणि रस अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. चिकाचे कण बाजूला होतात, मग वरचा स्वच्छ थेंब काचेवर घ्या. चिकासकट थेंब टाकला तर निळ्या-पांढऱ्या रेषेची कड धूसर येते आणि आकडा अंदाजाने वाचावा लागतो. आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावा. एक खोच लक्षात ठेवा. तापमानाची आपोआप दुरुस्ती करणारं यंत्र नसेल आणि शून्य २० अंशांवर लावलेलं असेल, तर ३० अंशांवर वाचन साधारण ०.८ ने कमी येतं, तेवढं मिळवावं लागतं. रस आणि यंत्र दोन्ही एकाच तापमानाला आणून शून्य तिथेच पुन्हा लावलं की हा प्रश्न बराचसा सुटतो.

पण नुसत्या ब्रिक्सवर जाऊ नका. ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे, रसात विरघळलेलं सगळंच त्यात मोजलं जातं, आम्लसुद्धा. करवंदासारख्या आंबट फळात हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

आम्लतेसाठी १० ग्रॅम गाळलेला रस, त्यात ५० मिलि डिस्टिल्ड पाणी, आणि ब्युरेटमधून (खुणांच्या, तोटीच्या काचनळीतून) ०.१ नॉर्मल तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आम्ल मारणारं अल्कली, थेंब थेंब. नेहमीच्या प्रयोगात फिनॉल्फ्थॅलिन हा सूचक टाकतात आणि गुलाबी रंग आला, म्हणजे आम्ल संपलं, की थांबतात. काळ्या करवंदाच्या रसात ते जमत नाही, कारण रस आधीच लाल असतो. शिवाय अल्कली पडत जाईल तसा त्याचा स्वतःचाच रंग बदलतो: लालचा फिका जांभळा, मग मळकट निळसर, पुढे हिरवट. सूचकाचा गुलाबी त्यात कुठे आला ते कळतच नाही. म्हणून पीएच मीटर लावा आणि ८.१ ला थांबा.

हिशोब: लागलेले मिलि × ०.६४ ÷ रसाचे ग्रॅम = सायट्रिक आम्लाच्या हिशोबात टक्के. समजा २५ मिलि लागले, तर २५ × ०.६४ ÷ १० = १.६ टक्के.

आता दोन जाळ्या घ्या. दोघींचा ब्रिक्स १२, पण एकीची आम्लता १.६ आणि दुसरीची ०.८. ब्रिक्सला आम्लतेनं भागलं की पहिलीचं गुणोत्तर ७.५ येतं, दुसरीचं १५. रिफ्रॅक्टोमीटरवर दोघी सारख्या, पण तोंडात पहिली डोळे मिटायला लावेल आणि दुसरी मूठभर खाल्ली तरी दात आंबणार नाहीत. नुसती खायला जाळी निवडताना हे गुणोत्तर जास्तीत जास्त असलेली घ्या. सरबताला मात्र थोडी आम्लता लागतेच, नाहीतर साखरेखाली चव मरते.

बरणी · ७ मे, सकाळी ७:३०

पीएच मीटर नसलेल्यांसाठी: जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विनंती केली तर एका सकाळचं काम आहे. रस गाळून, बाटल्यांवर जाळीचा नंबर घालून, बर्फात ठेवून न्या. उघडा रस उन्हात नेला तर पोचेपर्यंत फसफसायला लागतो.

पोषणतक्ता · ७ मे, सकाळी ११:१०

लोहाबद्दल. ३९ हा आकडा कुणाच्या मनचा नाही, पण तो ताज्या करवंदाचा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत करवंदाच्या दोन ओळी आहेत, एक ताज्या फळाची आणि एक सुक्या. ३९.१ मिलिग्रॅम लोह सुक्याच्या ओळीतलं आहे. सुक्यात पाणी १८.२ टक्के धरलंय, ताज्यात ९१ टक्के. मजकूर पुढे ढकलताना 'सुकं' हा शब्द गळला आणि आकडा तेवढा उरला.

ताळा करून बघा. सुक्याच्या १०० ग्रॅममध्ये पाणी सोडून ८१.८ ग्रॅम, ताज्यात फक्त ९ ग्रॅम. म्हणजे ३९.१ × ९ ÷ ८१.८ = साधारण ४.३ मिलिग्रॅम. फळाच्या मानानं हाही आकडा चांगलाच आहे, पण ३९ च्या नवव्या हिश्श्याएवढा. उष्मांकाचा ताळाही असाच जुळतो: सुक्याचे ३६४ किलोकॅलरी, त्याच हिशोबानं ताज्याचे ४०, आणि तक्त्यात ताज्याचे ४२ आहेत. दोन्ही ओळी एकाच फळाच्या आहेत याची खात्री यातून पटते.

लोहाच्या मोजणीत आणखी एक अडचण असते. जमिनीलगत वाढणारं, चिकट सालीचं फळ आणि जांभ्याची लाल धूळ. ती लालसरच मुळी लोहामुळे आहे. फळ नीट न धुता सुकवलं आणि तपासलं तर धुळीतलं लोह फळाच्या खात्यात जमा होतं. प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात, मग साध्या पाण्यात दोनदा धुऊन, पुसून द्या.

आणि सुकवल्यानं सगळंच दाट होतं असं नाही. खनिजं टिकतात, क जीवनसत्त्व टिकत नाही. त्याच तक्त्यात सुक्या करवंदाला ते जेमतेम १ मिलिग्रॅम आहे. वनस्पतीतलं लोह अंगी लागायला आंबट आणि क जीवनसत्त्व सोबत असलं की मदत होते. म्हणून पावशेर सुकी करवंदं खाण्यापेक्षा जेवणात मूठभर ताजी किंवा कच्च्या करवंदाची चटणी बरी. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आलंय त्यांनी मात्र करवंदावर विसंबून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत, एवढं कळकळीनं सांगते.

पाणंद · ७ मे, दुपारी १२:००

म्हणजे टपोऱ्या वाणात पोषण जास्त, असं धरायचं का?

पोषणतक्ता · ७ मे, दुपारी १२:४५

उलट बाजूही आहे. करवंदाचा काळा-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आणि तो मुख्यतः सालीत असतो. फळ लहान असलं की त्याच वजनात साल जास्त येते. फळ गोल धरलं तर २ सेंटिमीटर व्यासाच्या फळापेक्षा १.४ सेंटिमीटरच्या फळात दर ग्रॅमला साल जवळजवळ ४० टक्के जास्त. म्हणजे बारीक, काळीभोर, आतून लाल अशी रानजाळी या एका बाबतीत टपोऱ्या वाणाला सहज मागे टाकू शकते. टपोरं फळ तोडायला सोपं, चिरायला सोपं, बाजारात उठून दिसतं. हे गुण खरेच आहेत, फक्त त्यांना पोषणाचं नाव देऊ नये.

बरणी · ७ मे, संध्याकाळी ५:१५

ज्याला जे करायचं त्याला ती जाळी. लोणच्याला जाड गराचं, कमी बियांचं, हिरवं टणक फळ. इथे टपोरा वाणच हवा, बारीक करवंदाच्या बिया काढता काढता बोटं काळी पडतात. करवंदं दोन भाग करून बिया काढा आणि मिठाच्या पाण्यात (लिटरला २० ग्रॅम मीठ) दोन तास बुडवा, चीक बराच निघून जातो. मग पूर्ण निथळून पंख्याखाली कोरडी करा. किलोला मीठ १८० ग्रॅम, मोहरीची डाळ १००, तिखट ७५, हळद १५, मेथी १०, हिंग १०, तेल पाव लिटर, कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं. लिंबू घालायचं कारण नाही, आंबटपणा फळातच भरपूर आहे. बुरशी आली तर बहुतेक वेळा कारण एकच: पाऊस पडल्यावर तोडलेली ओलसर फळं. आणि त्यात एखादं तांबूस झालेलं गेलं की ते आठवड्यात मऊ पडतं आणि खार गढूळ करतं. तोडतानाच वेगळं काढा.

जेलीला फळ अर्धवट पिकलेलं हवं. पेक्टिन (जेली घट्ट धरणारा फळातला पदार्थ) कच्च्या फळात जास्त, रंग आणि वास पिकलेल्यात. तीन भाग रंग धरायला लागलेली आणि एक भाग काळी, हे प्रमाण चांगलं. फळं ठेचून, बुडतील एवढ्या पाण्यात २५ मिनिटं मंद उकळा, फडक्यात टांगून ठेवा, पिळू नका. पिळलं की जेली गढूळ झालीच म्हणून समजा. पातेल्याच्या कडेला चिकाचा रबरासारखा कंगोरा धरतो. तो पातेलं गरम असतानाच तेलाच्या बोळ्यानं पुसून घ्या, गार झाल्यावर नखानंही निघत नाही.

साखर किती घालायची हे पेक्टिन बघून ठरवा. एक चमचा गार अर्क, त्यात दोन चमचे स्पिरिट, अलगद हलवून पाच मिनिटं थांबा. एकच घट्ट गोळा उचलता आला तर लिटरला १ किलो साखर. दोन-तीन मऊ तुकडे झाले तर पाऊण किलो. नुसते धागे सुटले तर अर्क आणखी आटवा, नाहीतर कच्च्या करवंदांचा अर्क मिसळा. तपासलेला नमुना फेकून द्यायचा, स्पिरिट विषारी असतं. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनिअम आणि लोखंडात आम्ल धातू खातं आणि रंग काळवंडतो. १०५ अंशांना आच बंद.

आणि बेकरीत केकवर जी लाल 'चेरी' असते ती पुष्कळदा करवंदच असते. त्यासाठी काळं होणारं करवंद चालत नाही, फिक्या सालीचं लागतं. ते मिठाच्या आणि गंधकाच्या पाण्यात ठेवून रंग उडवतात, बिया काढतात, एरिथ्रोसिन नावाचा रंग देतात आणि साखरेच्या पाकात मुरवतात. हा रंग आंबट द्रावणात विरघळत नाही, म्हणून फळात बसला की क्रीमवर उतरत नाही.

घाटमाथा · ७ मे, रात्री ८:३०

बरणीताई, १०५ अंश समुद्रसपाटीला बरोबर आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं. तिथे १०५ पर्यंत ताणलं तर जेलीची चिक्की होते. नियम असा ठेवावा: आधी साध्या उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून आकडा बघायचा आणि त्यात साडेचार ते पाच मिळवायचे. घाटावर साधारण १०० ला थांबावं लागतं.

बरणी · ७ मे, रात्री ८:४५

हे फार उपयोगाचं सांगितलंत. वरचं वाचणाऱ्यांनी १०५ ऐवजी हाच नियम पाळावा.

कातळपान · ८ मे, सकाळी ९:००

आता नर्सरीच्या प्रश्नाकडे. नाव दिलेले वाण थोडेच आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण बोल्ड', नावाप्रमाणे टपोऱ्या फळाचा. उत्तराखंडातल्या पंतनगर विद्यापीठाचे 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' आणि 'पंत सुवर्णा'. यांचं फळ साडेतीन ग्रॅमच्या आसपास. मनोहर आणि सुदर्शन पांढरट सालीवर गुलाबी छटेचे, सुवर्णा हिरव्या सालीवर तपकिरी छटेचा. पंतनगरचे वाण लोणचं, मुरंबा, चेरी यांना साजेसे आहेत. डोंगरची काळी मैना म्हणून द्रोणात विकतात त्या चवीची अपेक्षा त्यांच्याकडून करू नका. उत्तरेकडे करवंदं पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरकडे तोडणीला येतात, आपल्याकडे मेमध्ये. त्यामुळे तिकडचे उत्पादनाचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

खरेदीत दोन ठिकाणी फसगत होते. एक, 'कोकण बोल्ड' म्हणून बियांपासून केलेलं रोप देतात. आई टपोरी असली तरी लेक तशी निघेलच असं नाही. कलमाचा जोड किंवा गुटीची (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेल्या रोपाची) मुळं दाखवा म्हणावं. रोपाला खाली जोड नसेल आणि सरळ सोटमूळ असेल तर ते बियांचं. दोन, 'हायब्रिड लाल करवंद' म्हणून आफ्रिकेतली नाताळ प्लम विकली जाते. कुळी तीच, पण झाड वेगळं: पान जाड, गोलसर, चकचकीत, काटा दोन टोकांत दुभंगलेला, फूल मोठं, आणि फळ पिकल्यावर लालच राहतं, काळं होत नाही. खायला चालतं, पण करवंदाची चव त्यात नाही.

माझा सल्ला: लोणच्यासाठी दहा-बारा कलमं 'कोकण बोल्ड'ची, विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच. खाण्याची आणि सरबताची तुमच्या सड्यावरची. चवीत रानातली निवडक जाळी हरणार नाही, आणि ती तोडली गेली तर तिचा वाण जगात दुसरीकडे कुठेही नसतो. रस्ता रुंदीकरणात आणि चिऱ्यांच्या खाणींत अशा कितीतरी जाळ्या बघता बघता गेल्या. म्हणूनही हे काम याच वर्षी करा.

बांधकरी · ८ मे, सकाळी ११:३०

मराठवाड्याच्या बाजूनं एक भर. कोरडवाहू बांधाला कुंपण म्हणून करवंदी फार चांगली, ढोरं शिरत नाहीत. कुंपणाला एक मीटरवर रोप, फळासाठी तीन मीटरवर. याच बांधावर फालसाही (बारीक आंबटगोड फळांचं झुडूप) लावता येतो, पण दोघांची छाटणी उलट आहे. फालसा नव्या फुटीवर फळतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत कंबरेएवढा ठेवून कडक छाटायचा. करवंदीची फुलं फांद्यांच्या शेंड्यांशी येतात, तिला हिवाळ्यात छाटलं की त्या वर्षीचं फळ गेलं. फळं संपल्यावर, पावसाच्या तोंडाला, फक्त वाळकी आणि जमिनीला टेकलेली फाटी काढायची. फालसा तोडल्यावर एक दिवस टिकतो, करवंद तीन-चार दिवस. बाजार लांब असेल तर हेही बघा.

सडेकरीण · ८ मे, दुपारी ३:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आता निवडलेल्या जाळीची गुटी बांधायची कशी, तेवढं सांगा. मागे बांधलेल्या बऱ्याच गुट्यांना मुळं फुटली नाहीत, साल मात्र पुन्हा भरून आली होती.

कातळपान · ८ मे, संध्याकाळी ६:१०

साल भरून आली याचा अर्थ पट्टी अरुंद निघाली किंवा खालचा बुळबुळीत थर खरवडला गेला नाही. असं करा.

मृग बरसून पाऊस स्थिरावला की, साधारण जूनअखेर ते ऑगस्ट. पेन्सिलीएवढी, वर्षभराची, उन्हातली फांदी. शेंड्यापासून दीड-दोन फुटांवर तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढा. उघड्या लाकडावर सुरीची बोथट बाजू फिरवून बुळबुळीत थर पूर्ण खरवडा, लाकूड कोरडं पांढरं दिसलं पाहिजे. करवंदीत इथे चीक वाहतो. ओल्या फडक्यानं पुसा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा पुसा. चिकावर लावलेलं संजीवक (मुळं फुटायला मदत करणारं औषध) सालीपर्यंत पोचतच नाही, आणि करवंदीच्या गुट्या फुकट जाण्याचं हे मोठं कारण आहे.

संजीवक आयबीए, ५००० पीपीएम. १ ग्रॅम भुकटी थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवून पाण्यानं २०० मिलि करा. थेट पाण्यात ती विरघळत नाही, तळाशी बसते. काढलेल्या पट्टीच्या वरच्या कडेला ब्रशनं लावा, मुळं तिथूनच फुटतात. मग भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ मूठभर, वरून पारदर्शक प्लॅस्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं आवळून. वरचं टोक जास्त घट्ट, नाहीतर फांदीवरून ओघळणारं पावसाचं पाणी आत शिरतं आणि शेवाळ कुजतं. शेवाळ पिळल्यावर थेंब पडत असेल तर ते अजून ओलंच आहे.

दीड-दोन महिन्यांनी प्लॅस्टिकमधून मुळं दिसतील. पांढरी मुळं पिवळसर-तपकिरी व्हायला लागली की गुटीखाली आधी अर्धी खाच द्या, आठ-दहा दिवसांनी पूर्ण कापा. पानं निम्मी कमी करून पिशवीत लावा, महिनाभर सावलीत ठेवा. शेतात पुढच्या पावसाळ्यात.

खुंटावर (बियांपासून वाढवलेल्या रोपावर) कलम करायचं असेल तर खुंटासाठी बी याच महिन्यात पेरा. पिकलेल्या फळातलं बी धुऊन एक दिवस सावलीत वाळवून लगेच पिशवीत टाका. डब्यात ठेवून दिलेलं बी लवकर मरतं, पुढच्या मेपर्यंत त्यातलं फारसं काही उगवत नाही.

आम्लमापक · ८ मे, रात्री १०:००

एक विनंती. यंदा मोजलेल्या जाळ्या पुढच्या मेमध्ये पुन्हा मोजा. यंदा पहिल्या आलेल्या पाच जाळ्यांपैकी ज्या पुढच्या वर्षीही वर राहतील, त्यांच्याच गुट्या मोठ्या संख्येनं करा. यंदा प्रत्येकीच्या चार-पाच पुरे. नोंदवहीत तारीख, शेवटचा पाऊस कधी झाला, वजन, गर टक्के, ब्रिक्स, आम्लता, वीसपैकी किती लाल आणि चीक कमी की जास्त, एवढं हवं.

सडेकरीण · ९ मे, सकाळी ७:४०

नोंदवही केली. पण पाऊस सुरू झाला की सगळा सडा हिरवा होतो, त्यात नेमकी जाळी ओळखायची कशी? मागे दगडावर रंगानं आकडे घातले होते, शेवाळ चढलं आणि गेले.

घाटमाथा · ९ मे, सकाळी ८:०५

ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याची बोटभर पट्टी कापा आणि खिळ्यानं दाबून नंबर कोरा, शाईनं लिहू नका. पट्टी जाळीच्या बुंध्याशी, जाड फांदीला तारेनं बांधा. शेंड्याला बांधली तर गुरं ओढतात. शिवाय फोनमध्ये त्या जागेची खूण ठेवा आणि नोंदवहीत तोच नंबर. तार आवळू नका. फांदीभोवती बोट जाईल एवढा वेढा सैल ठेवा, नाहीतर दोन वर्षांत फांदी जाडावते आणि तार सालीत रुतते.